नावडता टी-शर्टही वर्गात बसू द्या

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मिडलबरो नावाचं गाव आहे. क्रॅनबेरी पिकवणारा हा पट्टा. तिथल्या निकोल्स मिडल स्कूलमध्ये २१ मार्च २०२३ रोजी सातवीतला १२ वर्षांचा एक मुलगा टी-शर्ट घालून आला. ‘जेंडर दोनच असतात’ अशा अर्थाचं वाक्य त्याच्या छातीवर होतं. पहिल्याच तासाला त्याला बाहेर बोलावण्यात आलं. शर्ट बदल, नाहीतर वर्गात जाता येणार नाही, असं सांगण्यात आलं. त्याने शर्ट बदलला नाही. वडील येऊन त्याला घरी घेऊन गेले. मे महिन्यात तो पुन्हा तोच शर्ट घालून आला. या वेळी ‘दोनच’ या शब्दावर पट्टी चिकटवून तिच्यावर ‘सेन्सॉर्ड’ असं लिहिलेलं होतं. तोही काढायला लावला.

प्रकरण न्यायालयात गेलं. जिल्हा न्यायालयात न्यायाधीश इंदिरा तलवानी यांनी शाळेच्या बाजूने निर्णय दिला. जून २०२४ मध्ये फर्स्ट सर्किटच्या अपील न्यायालयाने तो कायम केला आणि २७ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीला घ्यायलाच नकार दिला. सॅम्युअल अलिटो आणि क्लॅरेन्स थॉमस या दोन न्यायमूर्तींनी त्या नकाराविरुद्ध आपलं मत नोंदवलं. या दोघांचं आणि माझं फार थोड्या विषयांवर जुळतं. या विषयावर जुळतं.

मी मूळची मिरजेची. गेली अनेक वर्षं याच राज्यातल्या दुसऱ्या एका गावच्या सरकारी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. तो शर्ट वाचून ज्यांच्या पोटात गोळा येईल अशी मुलं मी शिकवली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांशी तासन् तास बोलले आहे. शर्टावर जे लिहिलं होतं ते मला पटत नाही. माणूस स्वतःला कसा ओळखतो हे दोन खणांत मावत नाही, असं मी मानते. तरीही त्या मुलाला वर्गात बसू द्यायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. माझ्या अनेक सहकाऱ्यांना हे मत टोचतं. का टोचतं तेही मी जाणते.

इथल्या बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नसतो. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचने १९९४ मध्ये प्राथमिक आणि मिडल शाळांना गणवेश सक्तीचा केला. बिल क्लिंटन यांनी १९९६ च्या वार्षिक भाषणात गणवेशाची बाजू मांडली आणि काही शहरांनी तो स्वीकारला. पण एरवी मुलं घरच्या कपड्यांतच येतात. त्यामुळे अंगावर मजकूर येतो. बेसबॉलचा संघ, गाण्याचा बँड, बायबलमधलं वचन, निवडणुकीतला उमेदवार, कुठल्या तरी युद्धाचा निषेध. अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत सरकारचे हात बांधते, आणि करदात्यांच्या पैशावर चालणारी शाळा म्हणजे सरकारच. खासगी शाळेला हे बंधन नाही. म्हणून हे सगळे खटले सरकारी शाळांमधलेच असतात.

या विषयावर लिहिताना बहुतेक जण १९६९ पासून सुरुवात करतात. मला आणखी पाच वर्षं मागे, मिसिसिपीत जायचं आहे. जून १९६४ मध्ये तिथल्या नेशोबा काउंटीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुणांचा खून झाला. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळावा म्हणून ते काम करत होते. ऑगस्टमध्ये एका मातीच्या बंधाऱ्याखाली त्यांचे मृतदेह सापडले. आणि सप्टेंबरमध्ये त्याच काउंटीतल्या फिलाडेल्फिया गावच्या कृष्णवर्णीयांच्या हायस्कूलमध्ये काही मुलं छातीवर बिल्ला लावून आली. बिल्ल्याच्या कडेने ‘एक माणूस, एक मत’ आणि मध्ये विद्यार्थी चळवळीच्या संघटनेची आद्याक्षरं. मुख्याध्यापकांनी बिल्ल्यांना आधीच मनाई केली होती. पहिल्या दिवशी तीन-चार मुलं होती, त्याच आठवड्यात ती तीस-चाळीस झाली. मुलांना घरी पाठवण्यात आलं. शाळेचं म्हणणं असं की, बिल्ल्याचा अभ्यासाशी काही संबंध नाही आणि त्याने गोंधळ माजेल.

त्या गावात, त्या वर्षी, तो बिल्ला लावायला किती धैर्य लागलं असेल याचा विचार करून मी आजही थांबते. २१ जुलै १९६६ रोजी फिफ्थ सर्किटच्या अपील न्यायालयाने त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला. बिल्ले पाहून इतर मुलांना थोडं कुतूहल वाटलं, यापलीकडे काहीही घडलं नव्हतं. शाळेच्या कामात ठोस आणि लक्षणीय अडथळा आला असेल तरच बंदी घालता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. आज अमेरिकेतली प्रत्येक शाळा, प्रत्येक वकील ज्या कसोटीवर वाद घालतो, ती इथून आली.

त्याच दिवशी त्याच न्यायालयाने मिसिसिपीतल्याच दुसऱ्या शाळेचा निकाल दिला, आणि तो मुलांच्या विरोधात गेला. बिल्ले जवळपास तेच, चळवळही तीच. पण रोलिंग फोर्क गावच्या या शाळेत मुलांनी तासाच्या वेळी व्हरांड्यांत फिरून बिल्ले वाटले होते, ज्यांना नको होते त्यांच्या कपड्यांनाही ते टोचले होते. एक लहान मूल रडायला लागलं होतं. तास बंद पडले होते. न्यायालय म्हणालं, इथे शाळेला अडवायचा अधिकार होता.

मी हे दोन्ही निकाल नेहमी एकत्र वाचते, कारण माझं सगळं म्हणणं त्या जोडीत आहे. बिल्ल्यावर काय लिहिलंय हे दोन्हीकडे सारखंच होतं. फरक वागण्यात होता. एकीकडे मुलं बिल्ला लावून बाकावर बसली होती, दुसरीकडे तो दुसऱ्याच्या अंगाला टोचत होती. शाळेने बघायचं ते हे.

आता १९६५ चा डिसेंबर, आयोवा राज्यातलं डे मॉइन शहर. व्हिएतनाम युद्धात दोन्ही बाजूंनी मेलेल्यांचा शोक म्हणून आणि नाताळची शस्त्रसंधी वाढवावी या मागणीसाठी काही कुटुंबांनी दंडावर काळी फीत बांधायचं ठरवलं. मुख्याध्यापकांना याचा सुगावा लागला. त्यांनी १४ डिसेंबरला बैठक घेऊन फितीवर बंदी घातली. १६ तारखेला आठवीतली १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर आणि १६ वर्षांचा ख्रिस्तोफर एकार्ट फीत बांधून गेले, दुसऱ्या दिवशी मेरी बेथचा १५ वर्षांचा भाऊ जॉन गेला. तिघंही निलंबित झाले. टिंकर भावंडांचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. घरावर लाल रंग फेकला गेला, धमक्या आल्या. त्या शहराच्या शाळांत तेव्हा १८,००० मुलं होती. फीत बांधणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्याच शाळांत निवडणुकीचे बिल्ले चालत होते. नाझींशी जोडला गेलेला ‘आयर्न क्रॉस’ गळ्यात घालून येणारी मुलंही होती, त्यांना कोणी हटकलं नव्हतं. फक्त काळ्या फितीला मनाई होती.

२४ फेब्रुवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती एब फोर्टास यांनी मिसिसिपीची कसोटी उचलली आणि साऱ्या देशाला लागू केली. शाळेच्या फाटकातून आत येताना विद्यार्थी किंवा शिक्षक आपला बोलण्याचा हक्क बाहेर ठेवून येत नाहीत, हे त्यांचं प्रतिपादन इथल्या शिक्षक-प्रशिक्षणात आजही शिकवतात. विरोधात लिहिणारे ह्यूगो ब्लॅक ८३ व्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होते. भाषणस्वातंत्र्याचे ते आयुष्यभराचे कैवारी, पण शाळा मुलांच्या ताब्यात जाईल या भीतीने त्यांनी कडक शब्दांत असहमती लिहिली.

या निकालपत्रात एक तपशील आहे, ज्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. शाळेने बंदीचं एक कारण असं दिलं होतं की, इथल्याच एका हायस्कूलचा माजी विद्यार्थी व्हिएतनाममध्ये मारला गेला आहे, त्याचे काही मित्र अजून शाळेत आहेत, आणि त्यांच्या समोर अशी निदर्शनं झाली तर प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. सतरा वर्षांच्या मुलाचा जिवलग मित्र पेटीतून परत आला आहे, आणि पुढच्या बाकावर कोणीतरी त्या युद्धाविरुद्ध फीत बांधून बसलं आहे. त्याला काय वाटलं असेल? आपला मित्र फुकट मेला असं कोणी तोंडावर सांगावं, तसंच वाटलं असेल. ते दुखणं खरं होतं. न्यायालयासमोरही ते होतं. तरीही न्यायालयाने फितीला वर्गात जागा दिली. कोणी दुखावलं जाईल या भीतीवर बंदी उभी राहू शकत नाही, असं ठरलं ते अशा दुखण्याच्या समोर ठरलं.

मिडलबरोच्या निकालात अपील न्यायालयाने नेमकी हीच रेघ पुसट केली, असं मला वाटतं. मुख्य न्यायाधीश डेव्हिड बॅरन यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा असा की, एखाद्याच्या ओळखीच्या मूलभूत वैशिष्ट्याला हीन लेखणारा मजकूर असेल, आणि त्यामुळे शाळेचं वातावरण विषारी होऊन मुलं अभ्यासापासून तुटतील असा वाजवी अंदाज शाळेला करता येत असेल, तर शाळा तो मजकूर थांबवू शकते. कोणा एकाचं नाव घेतलेलं नसलं तरीही. निकालपत्र मन लावून लिहिलेलं आहे. शाळेतल्या काही मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येत असल्याचं प्रशासनाला ठाऊक होतं, हेही त्यात आहे. पण त्या दिवशी त्या शाळेत घडलं काय? एक मुलगा आला. काही बोलला नाही, कोणाच्या मागे गेला नाही, कोणाकडे बोट दाखवलं नाही. तास बंद पडला नाही. अंदाज होता, आणि अंदाज तर डे मॉइनच्या मुख्याध्यापकांचाही होता.

‘ओळखीला हीन लेखणारा’ हे माप कोणाच्या हातात जाईल याचाही विचार करायला हवा. मॅसॅच्युसेट्समध्ये ते माझ्यासारख्या विचारांच्या लोकांच्या हातात आहे. दुसऱ्या राज्यातला एखादा मुख्याध्यापक उद्या म्हणेल, इंद्रधनुषी बिल्ल्यामुळे आमच्या श्रद्धाळू मुलांच्या धार्मिक ओळखीला हीन लेखलं जातं. त्याला काय उत्तर देणार? श्रद्धा ही ओळख नव्हे असं म्हणणार? २००३ मध्ये मिशिगनमधल्या डिअरबर्न हायस्कूलमध्ये एक मुलगा जॉर्ज बुश यांचा चेहरा आणि ‘आंतरराष्ट्रीय दहशतवादी’ हे शब्द असलेला शर्ट घालून आला होता. इराकवर हल्ला व्हायला आला होता, आणि त्या गावात इराकमधून आलेली कितीतरी कुटुंबं होती. शाळेने शर्ट उलटा घाल किंवा घरी जा म्हणून सांगितलं. न्यायालयाने मुलाला न्याय दिला. व्हरमाँटमध्ये बुश यांच्यावरच टीका करणाऱ्या शर्टाचं प्रकरण २००६ मध्ये असंच सुटलं. तेव्हा माझ्या विचारांच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या खऱ्या असतील तर हा शर्टही सहन करायला हवा.

यावर जे उत्तर येतं ते मला सगळ्यात जड जातं. माझी एक सहकारी म्हणते, युद्ध हे धोरण आहे, राष्ट्राध्यक्ष ही सत्ता आहे, त्यांच्याविरुद्ध बोलणं वेगळं. इथे एका बारा वर्षांच्या मुलाला सांगितलं जातंय की, तू जो आहेस तो अस्तित्वातच नाहीस. त्याने यावर वाद कसा घालायचा?

तिचं म्हणणं खोटं नाही. आमच्या राज्यात साउथ हॅडली नावाचं कॉलेजगाव आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये १९९३ साली दोन भावांपैकी एकाने बँडबद्दलचा थोडा चावट विनोद छापलेला टी-शर्ट घातला. शाळेने अडवलं. आमच्या राज्याचा कायदा विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीला संघराज्यापेक्षा जास्त संरक्षण देतो, गोंधळ होत नसेल तर हक्काला हात लावायचा नाही असं तो म्हणतो. त्याच आधारावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या भावांच्या बाजूने निकाल दिला. आणि त्याच साउथ हॅडलीच्या शाळेत जानेवारी २०१० मध्ये एका मुलीने सोबतच्या मुलांच्या छळाला कंटाळून जीव दिला. त्या वर्षीच्या मे महिन्यात राज्याने शाळांतल्या छळाविरुद्ध कडक कायदा केला. आम्हा शिक्षकांना दरवर्षी त्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते मी मनापासून घेते.

पण त्या कायद्याने छळ कशाला म्हटलंय ते नीट वाचावं. एखाद्या विद्यार्थ्याला लक्ष्य करून वारंवार केलेलं बोलणं, लिहिणं किंवा वागणं. लक्ष्य करून, आणि वारंवार. शर्ट घातलेला मुलगा जर ट्रान्स मुलाच्या शेजारी मुद्दाम जाऊन बसला, त्याच्या लॉकरपाशी थांबला, जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे बघून छातीवर थाप मारली, तर त्या क्षणी माझ्यासाठी प्रश्न संपतो. तिथे रोलिंग फोर्क सुरू होतं. तिथे मी स्वतः त्याला हाताला धरून बाहेर नेईन. आणि शर्टाचा दिवस असेल तर मोठ्यांनी त्या ट्रान्स मुलाच्या आसपास असायलाच हवं. समुपदेशकाने त्याला सकाळीच भेटायला हवं, त्याच्या घरी फोन जायला हवा. हे काम बंदीपेक्षा कितीतरी जास्त कष्टाचं आहे. शाळा बंदीकडे वळतात त्याचं एक मोठं कारण हे आहे की, ती दहा मिनिटांत उरकते.

मिडलबरोच्या शाळेत प्राइड महिना साजरा होत होता, भिंतींवर पाठिंब्याची पोस्टरं होती. असावीतच, माझ्याही वर्गात आहेत. पण शाळा जेव्हा एखाद्या प्रश्नावर भिंतीवरून बोलते, तेव्हा विद्यार्थ्याला त्यावर उलट बोलता आलं पाहिजे. नाहीतर मुलं इतकंच शिकतात की, या विषयावर घरी एक बोलायचं आणि शाळेत गप्प बसायचं. गप्प बसलेला मुलगा आपलं मत बदलत नाही. ज्यांना त्याचं मत आवडतं अशा लोकांकडे तो जातो. मोबाइलवर त्याला ते लोक रात्रीच्या रात्री भेटतात.

२०२३ च्या ऑक्टोबरनंतर माझ्या वर्गात एक मुलगी पॅलेस्टाइनच्या झेंड्याची छोटी पिन लावून यायला लागली. दोन बाकं सोडून बसणाऱ्या एका मुलाचे नातेवाईक इस्रायलमध्ये होते. काही दिवसांनी त्याच्या दप्तरावर इस्रायलचा झेंडा आला. शिक्षकांच्या खोलीत चर्चा सुरू झाली की दोन्ही काढायला लावावं, निदान समतोल तरी होईल. मी विरोध केला. आमच्या उपमुख्याध्यापिकेने ऐकून घेतलं आणि दोन्ही राहू दिलं. मी त्या दोघांना प्रयोगाच्या गटात वेगळं केलं नाही, एकत्रही आणलं नाही, जसे होते तसे ठेवले. एके दिवशी आम्लं-अल्कली शिकवताना त्या मुलाने तिला सगळ्यांसमोर विचारलं, तुला माझी बहीण मेली तरी चालेल का? वर्ग स्तब्ध झाला. ती म्हणाली, नाही, आणि तुला माझ्या मावशीची मुलं? मी तास थांबवला. विज्ञानाचा तास होता, पण त्या वेळी दुसरं काही शिकवणं खोटं झालं असतं. दोघांनाही बोलू दिलं. कोणाचं मत बदललं नाही. दोघांच्याही घरात आता या क्षणी कोणीतरी टीव्हीसमोर जागं बसलंय, हे मात्र बाकीच्या बावीस मुलांना कळलं. पिन आणि झेंडा उतरवायला लावले असते तर हा प्रश्न बसमध्ये विचारला गेला असता, आणि तिथे कोणी मोठं माणूस नसतं.

आमच्या मराठी माणसांशी या विषयावर बोलताना वेगळीच भीती पुढे येते. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्यानंतरच्या शाळेच्या वर्षात आमच्या गावातल्या एका नाशिककर मैत्रिणीच्या नववीतल्या मुलीला त्या निकालाविरुद्धचा शर्ट घालून जायचं होतं. मैत्रिणीचा फोन आला. “ताई, तुम्ही शाळेत आहात म्हणून विचारते. ती शर्ट घालीन म्हणून अडून बसलीये. हे म्हणतात, अजून ग्रीन कार्ड नाही आपलं, उगीच कुणाच्या नजरेत कशाला यायचं? काही नोंद-बिंद नाही ना होणार?” मी सांगितलं, सरकारी शाळेत बसलेल्या प्रत्येक मुलाला हा हक्क आहे, व्हिसा कुठला हे शाळेने विचारायचं नसतं. मुलगी शर्ट घालून गेली. एका शिक्षकाने भुवया उंचावल्या, दोन मैत्रिणींनी शर्ट कुठे मिळाला विचारलं, एवढंच झालं.

मार्च २०२५ मध्ये आमच्याच राज्यातल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या एका तुर्की विद्यार्थिनीला साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यात अडवून ताब्यात घेतलं. विद्यापीठाच्या वृत्तपत्रात सहलेखक म्हणून लिहिलेला एक लेख तिच्या विरोधात पुढे केला गेला. मे महिन्यात न्यायालयाने तिला सोडलं, पण तोवर ती कित्येक आठवडे लुइझियानात कोठडीत होती. आजही तेच उत्तर तितक्याच ठामपणे द्याल का, असं त्यानंतर त्या नाशिककर मैत्रिणीने मला विचारलं. मी हो म्हणाले. शाळेच्या आत हक्क अजून शाबूत आहे, आणि तो वापरला नाही तर बाहेरची भीती आतही येईल. तिचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि एका आईचं यावर समाधान व्हावं असा हट्ट मी धरला नाही.

मिरजेत मी शिकले तेव्हा निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. कपड्यांवर मजकुराचा प्रश्नच नव्हता. म्हणून हा अमेरिकी लाडांचा विषय आहे, असं गावाकडचे नातेवाईक मला सांगतात. त्यांना मी केरळची गोष्ट सांगते. जुलै १९८५ मध्ये तिथल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं, एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. यहोवाचे साक्षीदार या पंथातली ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत शाळेत घ्यायचा आदेश दिला. त्यासाठी त्यांनी ज्या परदेशी निकालांचा आधार घेतला, त्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या ध्वजवंदनाचा १९४३ चा अमेरिकी निकाल होता. तिथली मुलं त्याच पंथाची होती. आणि मुंबईचंच बघायचं तर २०२४ मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने काढलेल्या परिपत्रकात हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, स्टोल यांच्या जोडीला ‘बॅज’ हाही शब्द होता. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅज यांपुरती त्या परिपत्रकाला स्थगिती दिली, आणि टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असं महाविद्यालयाला विचारलं. नेशोबा काउंटीतल्या बिल्ल्याचा वाद चेंबूरपर्यंत पोचलेला आहे.

न्यायालयांबद्दल शेवटी एक गोष्ट बोलायला हवी. टिंकर भावंडांचा निकाल लागला तेव्हा फीत बांधून तीन वर्षं उलटली होती. मिडलबरोच्या मुलाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं तोवर तो मिडल स्कूलमधून कधीच बाहेर पडला होता. फिलाडेल्फियाच्या मुलांनाही दोन वर्षं लागली. ज्या मुलाला आज, या आठवड्यात काही म्हणायचं आहे, त्याच्या उपयोगाला न्यायालय वेळेवर येत नाही. त्याचा निकाल सकाळी आठ-सव्वाआठला व्हरांड्यात लागतो. तो देणारा उपमुख्याध्यापक त्याच वेळी एका हातात वॉकी-टॉकी धरून उशिरा आलेल्या बसचं बघत असतो. शर्ट वाचून त्याला आधी स्वतःला काय वाटलं, तेच बहुतेक वेळा निर्णय ठरवतं.

म्हणून आमच्या शाळेच्या समितीपुढे मी एक साधी मागणी ठेवली आहे. मजकुरामुळे कोणाही मुलाला वर्गाबाहेर काढायचं असेल, तर आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. त्याने काय केलं, फक्त काय घातलं ते नाही. कुठला तास, कोणाचं काम, कशाने थांबलं. आणि हाच शर्ट उलट बाजूचा असता तर काढायला लावला असता का. खाली सही करावी आणि तो कागद त्याच दिवशी मुलाच्या घरी पाठवावा. लिहिण्यासारखं काही नसेल तर मुलाला तासाला पाठवावं. समितीने मागणी वाचली आहे, पुढच्या बैठकीत ती चर्चेला आहे. त्या बैठकीला मी जाणार आहे, आणि माझ्या त्या सहकारीलाही मी यायला सांगितलं आहे.